नाणेघाट कोणाचा? राणीच्या यज्ञांचा की कल्याणच्या सुलसदत्ताचा?

पावसाळा सुरू झाला की नाणेघाटाचे फोटो मोबाईलवर फिरू लागतात आणि त्याखालचा वादही ठरलेला असतो. आपल्यातला एखादा तरुण लिहितो, "ही बुद्धलेणी आहे." समोरचा उत्तर देतो, "हे सातवाहनांचे वैदिक साम्राज्य आहे, आधी शिलालेख वाचा." मग शंभर कमेंट पडतात. शिलालेख मात्र दोघांपैकी कोणीच वाचलेला नसतो.

तो शिलालेख आज वाचू. त्याच वाटेवरचे दुसरे लेखही वाचू. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाणेघाटाच्या माथ्यावरचे ते मोठे लेणे बौद्ध नाही. पण त्या घाटाच्या दोन्ही टोकांना जी लेणी आहेत, ज्यांच्यामुळे ही वाट इतिहासात अमर झाली, ती बौद्ध आहेत, आणि ती कष्टकऱ्यांच्या पैशाने उभी राहिली आहेत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पहिले लपवले तर दुसऱ्याचे मोल कमी होते.

दोन तालुके, दोन घाट

ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे तालुके आज मुंबईकरांना धरणांसाठी आणि धबधब्यांसाठी माहीत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी याच प्रदेशातून सोपारा आणि कल्याण या बंदरांचा माल घाटावर जात होता. त्याच्या दोन प्रमुख वाटा होत्या. शहापूरवरून थळघाट चढून नाशिकला जाता येई. मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला आणि तिथून पुढे सातवाहनांच्या पैठणला जाता येई.

आता नकाशावर बोट ठेवून बघा. समुद्राच्या बाजूला सोपाऱ्याचा स्तूप आणि कान्हेरीची लेणी. थळघाटाच्या वर नाशिकची त्रिरश्मी बुद्धलेणी, जिला लोक अजून पांडवलेणी म्हणतात. नाणेघाटाच्या वर जुन्नर, जिथे चारी बाजूंच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यातली बहुतेक सगळी बौद्ध आहेत. हा योगायोग नाही. भिक्खू व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर चालत होते. पावसाळ्याचे तीन महिने त्यांना वर्षावासासाठी पक्का निवारा हवा होता. व्यापाऱ्याला आणि कारागिराला यज्ञाचा खर्च परवडत नव्हता आणि वर्णव्यवस्थेत मानही मिळत नव्हता. संघाच्या दारात मात्र त्याचे नाव दगडात कोरले जात होते.

घाट कसा चढायचा

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गाठायचे. गावाच्या पुढे रस्ता सोडून पायवाट लागते. सुरुवातीला जंगलातली वाट सोपी आहे. नंतर ओढे ओलांडत चढ वाढत जातो आणि शेवटच्या टप्प्यात दोन कड्यांच्या बेचक्यातून प्राचीन दगडी पायऱ्यांनी वर जावे लागते. पावसाळ्यात याच पायऱ्यांवरून पाणी वाहते आणि शेवाळ धरते, म्हणून घाई करू नये. अडीच-तीन तास लागतात. डावी-उजवीकडे कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसू लागली की लेणे जवळ आले असे समजा. बाजूला उभा असलेला सुळका म्हणजे नानाचा अंगठा. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगितले जाते.

या भागात ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. वाट त्यांना पाठ आहे. सोबत स्थानिक माणूस घ्या, त्याला त्याच्या दिवसाची योग्य मजुरी द्या, आणि प्लास्टिक परत खाली आणा. बुद्धलेणी बघायला जाणाऱ्याने आदिवासी वाडीत कचरा टाकून यावे, यापेक्षा लाजिरवाणे काही नाही.

राणीच्या लेखात काय आहे?

लेण्यात शिरल्यावर डाव्या आणि उजव्या भिंतीवर धम्मलिपीतल्या, म्हणजेच ब्राह्मीतल्या, ओळी दिसतात. दोन्ही बाजूंना दहा-दहा अशा वीस ओळी. भाषा प्राकृत आहे. हा लेख इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. १९ व्या शतकात विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो अभ्यासकांसमोर आणला आणि पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांनी त्याचे वाचन पक्के केले. दगड बराच झिजला आहे, तरी मुख्य मजकूर स्पष्ट आहे.

लेख सातवाहन राणी नागनिकेचा आहे. ती एका महारठीची मुलगी आणि पहिल्या सातकर्णीची पत्नी. लेखात यज्ञांची यादी आहे. अश्वमेध आहे, राजसूय आहे, आणखी कितीतरी आहेत. प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा दिली आहे. एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती. एका ठिकाणी १०,००१ गाई. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. गावे, घोडे, चांदीची भांडी, वस्त्रे वेगळीच. या आकड्यांमुळेच हा लेख गणिताच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे, कारण भारतीय अंकचिन्हांचा तो फार जुना पुरावा आहे.

राणीची स्तुती कशी केली आहे तेही बघा. ती महिना-महिना उपवास करते, घरात तापसीसारखी राहते, ब्रह्मचर्य पाळते, व्रतात आणि यज्ञात निपुण आहे. बहुतेक अभ्यासक ती त्या वेळी विधवा होती असे मानतात. एवढी सत्ता हातात असलेली बाई, पण तिचा गौरव करायचा तर तिच्या उपाशी राहण्याचा करावा लागला.

आपले काही मित्र म्हणतात की लेखाच्या सुरुवातीला धम्माला नमन आहे, म्हणून लेणे बौद्ध आहे. नमन आहे हे खरे. पण पुढचे शब्द सोडून देऊ नका. लगेच इंद्र येतो, मग संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल येतात. इथे 'धम' हा शब्द तथागतांच्या धम्माचा नाही. अर्धी ओळ वाचून निष्कर्ष काढणे ही पोथीनिष्ठांची रीत आहे. ती आपण उचलू नये.

लेण्यात राजा सिमुक सातवाहन, राणी नागनिका, श्री सातकर्णी, राजकुमार आणि महारठी यांचे पुतळे कोरले होते. आज ते पुतळे नष्ट झाले आहेत. वर नावे तेवढी उरली आहेत.

मग हा लेख आपल्या कामाचा काय?

फार कामाचा आहे. बाबासाहेबांनी 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' हा ग्रंथ लिहायला घेतला होता. तो अपुरा राहिला आणि त्यांच्या पश्चात १९८७ मध्ये समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात छापला गेला. त्यांची मांडणी अशी की बुद्धाचा धम्म ही क्रांती होती, आणि पुष्यमित्र शुंगाच्या काळापासून ब्राह्मणी व्यवस्थेने तिच्याविरुद्ध प्रतिक्रांती सुरू केली. अश्वमेध हे त्या प्रतिक्रांतीचे जाहीर चिन्ह होते.

आपण हे वाचतो तेव्हा वाटते की ही पाटलीपुत्राची, अयोध्येची गोष्ट आहे. नाही. मुरबाडच्या डोक्यावर, कल्याणपासून साठेक किलोमीटरवर, अश्वमेधाची आणि दक्षिणेची जमाखर्चाची वही दगडात कोरलेली आहे. तीही कुठे? ज्या घाटातून प्रत्येक तांड्याला, प्रत्येक कारागिराला जावेच लागायचे, त्या घाटाच्या तोंडाशी. जकात देणाऱ्याने वर मान करून वाचावे की त्याच्या राज्यातले धन कोणाच्या घरी गेले. म्हणून हे लेणे बौद्ध ठरवून आपण आपलाच एक पक्का पुरावा पुसतो आहोत.

घाट चढून गेलेला सुलसदत्त

आता माथ्यावर थांबू नका. घाटघरवरून जुन्नरकडे जा. जुन्नरच्या उत्तरेला लेण्याद्रीचा डोंगर आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलात की सहाव्या क्रमांकाचे लेणे येते. हे चैत्यगृह आहे. आत दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि शेवटी स्तूप. खांबांवर पाठीला पाठ लावून बसलेले हत्ती, वाघ-सिंह.

या चैत्यगृहावर एक छोटा लेख आहे. त्याचा अर्थ असा: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे हे देयधम, चैत्यगृह. देयधम म्हणजे धम्मासाठी दिलेले दान. हेरणिक म्हणजे सोनार, किंवा सोन्या-नाण्यांचा व्यवहार सांभाळणारा.

कल्याणच्या माणसाला जुन्नरला यायचे तर जवळची वाट कोणती? मुरबाडवरून नाणेघाट. म्हणजे राणीच्या लेखानंतर दोनेकशे वर्षांनी, त्याच लेखासमोरून, कल्याणच्या एका हेरणिकाच्या मुलाचे दान वर गेले आणि जुन्नरच्या डोंगरात त्याचे चैत्यगृह झाले. राणीच्या यादीत हत्ती होते, गावे होती, हजारो गाई होत्या. त्या सगळ्या ज्यांना मिळाल्या त्यांच्या घरी संपल्या. सुलसदत्ताचे दान अजून उभे आहे, आणि आत जायला कोणाला जात सांगावी लागत नाही.

तो एकटा नव्हता. जुन्नरच्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या, म्हणजे आजच्या भाषेत बुरुडांच्या, श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. एका दात्याने शेतीचे उत्पन्न करंज आणि वडाची झाडे लावण्यासाठी ठेवले आहे. तीन लेख यवनांचे आहेत, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्यांच्या वंशजांचे. एकाने दोन पोढी दिल्या, दुसऱ्याने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. परक्याला म्लेंच्छ म्हणून बाहेर ठेवणारी व्यवस्था एकीकडे आणि त्याच्या नावाने भोजनमंडप स्वीकारणारा संघ दुसरीकडे.

घाटाच्या खालच्या टोकालाही हेच. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे लोक पुन्हा पुन्हा भेटतात. त्यात एक सोनार स्वामिदत्त आहे, त्याने पाण्याची पोढी दिली. एक लोहार नंद आहे, त्याने वाट बांधून दिली. लोहाराने बांधलेली वाट! ज्या ग्रंथांनी लोहाराला शूद्र ठरवले त्यांत त्याचे नाव तुम्हाला कधी सापडणार नाही.

शहापूरकडची वाट: दुसरी राणी

काही जण म्हणतील, सातवाहनांनी बौद्धांनाही दाने दिली, मग विरोध कुठे होता? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर दुसऱ्या घाटावर, शहापूर-कसाऱ्यावरून वर गेल्यावर नाशिकला मिळते.

त्रिरश्मीच्या तिसऱ्या लेण्यात राजा पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने ते लेणे भद्रयानीय भिक्खूंना दिले. दान बौद्धांना आहे, यात वाद नाही. पण त्याच लेखात ती आपल्या मुलाचे गुण सांगते. तो अद्वितीय ब्राह्मण आहे, त्याने क्षत्रियांचा दर्प मोडला, आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबवला.

हे नीट समजून घ्या. बौद्ध लेण्याच्या भिंतीवर वर्णसंकर थांबवल्याचा अभिमान कोरला आहे. राजसत्तेने संघाला लेणे दिले, पण वर्णव्यवस्था सोडली नाही. आजही तेच चालते. बुद्धाच्या मूर्तीला हार घालणारे आणि त्याच दिवशी आंतरजातीय लग्नाला विरोध करणारे पुढारी आपण पाहतोच. सत्तेने दिलेले दान आणि सत्तेने स्वीकारलेला धम्म या वेगळ्या गोष्टी आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी बुद्धाचा जयजयकार करून थांबू दिले नाही, २२ प्रतिज्ञा घ्यायला लावल्या. त्यामागचे कारण समजायचे असेल तर बलश्रीचा लेख वाचावा.

आणि त्याच त्रिरश्मीवर, थोड्या अंतरावर आठव्या लेण्यात, दुसरा लेख आहे. ते लेणे मुगुदास नावाच्या मासेमाराने आपल्या परिवारासह दिलेले आहे. अठराव्या लेण्यातल्या, चैत्यगृहातल्या, दारावरच्या कमानीचे दान धंभिक नावाच्या अख्ख्या गावाचे आहे. एकीकडे राजमाता, एकीकडे मासेमार. एकाच डोंगरात, एकाच संघाच्या दारात. मासेमाराचा लेख छोटा आहे, कारण त्याला सांगण्यासारखे पराक्रम नव्हते. पण त्यात कोणाचा वर्ण राखल्याची बढाई नाही.

पाण्याचा प्रश्न

नाणेघाटात परत येऊ. तिथल्या पाण्याच्या टाक्यांवरही लेख आहेत. त्यातला एक सोपाऱ्याच्या गोविंददासाचा. ही पोढी म्हणजे त्याचे देयधम, एवढेच तो सांगतो. यज्ञाच्या वीस ओळींजवळ ही एक ओळ. चढून दमलेल्या माणसाला पाणी मिळावे म्हणून एका सोपारकराने कातळ खोदून घेतला. ते पाणी कोणासाठी, हे लेखात लिहिलेले नाही, कारण ते सगळ्यांसाठी होते.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला तो हाच. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सहलीला निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे त्यांनी ठरवले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर हातपाय धुतले म्हणून त्यांना शिवीगाळ झाली. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहिला आहे. बुद्धलेणी पाहायला निघालेल्या बाबासाहेबांना पाण्यावर अडवले गेले. गोविंददासाच्या पोढीपासून दौलताबादच्या हौदापर्यंत या देशाने दोन हजार वर्षांत काय गमावले, ते या एका प्रसंगात दिसते.

आणि आजही शहापूर तालुक्यातल्या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. घाट चढायला जाल तेव्हा वाटेतल्या बायकांच्या डोक्यावरचे हंडेही बघा. तोही इतिहासाचाच भाग आहे.

लेणी ओळखायची कशी, राखायची कशी

लेण्याद्रीचे सातवे लेणे हे मोठे विहार आहे. मध्ये सभामंडप आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या २० खोल्या. आज तिथे गिरिजात्मज गणपती आहे आणि ते अष्टविनायकांतले एक स्थान मानले जाते. दर्शनाला येणाऱ्या भाविकाशी भांडून काही मिळत नाही. त्याला शेजारचे सहावे लेणे दाखवा. सुलसदत्ताचे नाव वाचून दाखवा. तो स्वतःच विचारेल की शेजारी स्तूप आहे तर मग या खोल्या कोणासाठी होत्या.

मुरबाडमध्येच धसईजवळ सोनावळ्याच्या डोंगरात गणपती गडद नावाची लेणी आहेत. गडद म्हणजे इथल्या बोलीत गुहा. अशा ठिकाणी गेलात तर आधी शांतपणे बघा. खोल्या किती, झोपायचे ओटे आहेत का, स्तूप आहे का, पोढी कुठे आहे, लेख आहे का, आणि मूर्ती लेण्याबरोबर कोरली आहे की नंतर बसवली आहे. मोजा, लिहा, फोटो घ्या. निळा रंग फासू नका, नावे कोरू नका, स्तूपावर चढू नका. कोणत्याही दगडावर पुरावा नसताना "हे आमचेच" म्हणणे सोपे आहे. समोरचेही तेच करत आले आहेत. आपले बळ पुराव्यात आहे, आणि पुरावा वाचायचा तर धम्मलिपी शिकावी लागेल. ती कठीण नाही. पहिली ते दहावी शिकलेला कोणीही काही आठवड्यांत अक्षरे ओळखू लागतो. प्रत्येक बुद्धविहारात रविवारी एक तास हा वर्ग सुरू करता येईल.

सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आठव्या लेखाचा आहे. त्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या सहली काढत, आपण संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली. धम्मयात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे आणि दान द्यायचे, वृद्धांना भेटायचे आणि त्यांना मदत करायची, गावोगावच्या लोकांना भेटायचे, धम्मावर बोलायचे आणि धम्माविषयी विचारपूस करायची.

हा आदेश याच वाटेच्या समुद्राकडच्या टोकाला लावला होता, हे विसरू नका. पुढच्या रविवारी तुमच्या वस्तीतून दहा-पंधरा जण नाणेघाटाला निघाल, तर त्या दिवसाला ट्रेक म्हणू नका. वाडीतल्या म्हाताऱ्याशी बोला. राणीचा लेख पूर्ण वाचा, गाळू नका. गोविंददासाची पोढी शोधा. मग जुन्नरला जाऊन सुलसदत्ताच्या चैत्यगृहात बसा आणि सोबतच्या मुलांना विचारा: या वाटेवरून हजारो गाईही गेल्या आणि एका सोनाराच्या मुलाचे दानही गेले, यातले आज काय उरले?

उत्तर त्यांनाच देऊ द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!